मूठभर म्हणजे किती ग्रॅम?

श्यामकांत बिडकरांनी आयुष्यभर दुसऱ्यांनी केलेल्या वस्तू तपासल्या. स्वतः एकही केली नाही. आनंदनगर एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या क्वालिटी विभागात चौतीस वर्षं काढून ते निवृत्त झाले, तेव्हा निरोप समारंभात कुणीतरी म्हणालं, की बिडकरसाहेबांच्या सहीशिवाय या गेटातून कधी साधा नटही बाहेर गेला नाही. हे वाक्य श्यामकांतांना इतकं आवडलं की घरी येऊन त्यांनी ते बायकोला दोनदा ऐकवलं. बायकोला सगळी कॉलनी माई म्हणायची, म्हणून हळूहळू तेही माईच म्हणायला लागले होते. माई म्हणाल्या, "बरं झालं. आता हात धुवा, पोळ्या गार होतायत."

दोनेक महिन्यांत त्यांच्या ध्यानात आलं की आपल्या सहीवाचून जगाचं काही अडत नाही. कुरियरवालासुद्धा मोबाइलच्या काचेवर बोटानं रेघोटी मारून घ्यायचा आणि ती नीट आली की नाही हे न बघताच जिना उतरायचा. मग श्यामकांत बदलापुरातल्या आपल्या बाल्कनीत बसून समोरच्या इमारतीच्या पाइपांना उतार कसा चुकीचा दिलाय ते माईंना समजावून सांगायचे. पोळीचा व्यास सारखा नसल्याबद्दलही एकदा बोलले. त्याच दिवशी माईंनी त्यांचा फोन घेतला आणि स्वतःचा जीव वाचवण्यासाठी त्यांना 'आमची पंगत' या ग्रुपात घातलं.

'आमची पंगत' हा उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर अशा तीन गावांतल्या रांधणाऱ्या-खाणाऱ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप. सदस्य नऊशेच्या वर. अंबरनाथच्या राजसीनं तो हौसेनं काढला आणि नोकरीच्या रगाड्यात मग तिच्या हातून सुटला. दिवसाला तीनशे मेसेज यायचे. कुणाचा केक करपलेला, कुणाला कुकरची शिट्टी कुठे मिळेल विचारायचंय, कुणी कॅम्प नंबर तीनमधल्या दाल-पकवानच्या गाडीचा पत्ता देतोय, आणि या सगळ्यात अधूनमधून गुलाबाचं फूल आणि शुभ सकाळ. लोक वाचत, हसत, भांडत आणि संध्याकाळी त्यातलंच काहीतरी करून खात. श्यामकांतांनी एक दिवस हे सगळं वाचलं आणि त्यांना रात्रभर झोप लागली नाही. एवढा माल येतोय आणि गेटावर तपासणीच नाही!

त्यांनी राजसीला सविस्तर कळवलं. राजसीनं ते अर्धंच वाचलं असावं, कारण लगेच उत्तर आलं, "काका, तुम्हीच बघाल का प्लीज? मला तर वाचायलाही होत नाही." आणि तिनं त्यांना ॲडमिन करून टाकलं.

आठवड्यात नियमावली तयार झाली. नऊ पानी पीडीएफ. शेवटच्या पानावर 'तयार करणार', 'तपासणार' आणि 'मंजूर करणार' अशा तीन चौकटी होत्या आणि तिन्हींत श्यामकांतांचीच सही होती. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'ग्रुपचा दर्जा राखणं हे एकट्या ॲडमिनचं नव्हे, प्रत्येक सदस्याचं काम आहे.' वाक्य चांगलंच होतं. पुढच्या आठ पानांनी त्याची वाट लावली. प्रत्येक सदस्यानं प्रत्येक मेसेज तपासायचा आणि कारखान्यात मालाला लावतात तसा त्याला टॅग लावायचा. पास असेल तर हिरवा गोल, शंका असेल तर पिवळा, नापास असेल तर लाल. पाच लाल पडले की मेसेज उडाला. पाककृती ठरल्या साच्यातच द्यायची, प्रमाण ग्रॅममध्येच लिहायचं. 'चवीपुरतं', 'अंदाजानं', 'मूठभर' हे शब्द बाद. एकदा सांगितलेलं पुन्हा सांगायचं नाही. आणि व्हॉइस मेसेज अजिबात पाठवायचा नाही, कारण ऐकल्याशिवाय तो तपासता येत नाही आणि ऐकायला वेळ जातो. महिनाभरात सर्वांत जास्त टॅग लावील त्याला 'गुणवत्ता रक्षक' असं सोनेरी काठाचं प्रमाणपत्र.

प्रमाणपत्राचं नाव निघाल्यावर आपली माणसं काय करतात ते सांगायला नको. पूर्वी चकलीचा फोटो टाकायला जे लोक आळस करायचे, ते आता दुसऱ्याच्या चकलीला लाल गोल लावायला पहाटे उठायला लागले. अंबरनाथकर बदलापूरकरांच्या आमटीला लाल लावत, बदलापूरकर अंबरनाथकरांच्या गुळाला. एका गृहस्थांनी स्वतःच्या बायकोच्या उपम्याला लाल टॅग लावला, तोही तिनं समोर वाढून ठेवलेला उपमा खाता खाता. हळूहळू लोकांनी लिहायचंच सोडलं. तीनशेचे मेसेज अकरावर आले. श्यामकांतांनी त्याचा आलेख काढला आणि खाली लिहिलं, 'सदोष मेसेजमध्ये शहाण्णव टक्के घट.' अकरातले सात मेसेज त्यांचे स्वतःचे होते, हे आलेखात दिसत नव्हतं.

मे महिन्यात राजसीचा फोन आला. तिला बंगळुरूला नोकरी लागली होती.

"काका, ग्रुप कुणाच्यातरी हाती सोपवून जायचंय मला. तुम्ही आहातच. पण खरं सांगू? लोक म्हणतायत, पंगतीत आता जेवणच नसतं, नुसती तपासणी असते."

"सुरुवातीला विरोध होतोच गं. आमच्याकडे हेल्मेट सक्तीचं केलं तेव्हाही—"

"एकदा सगळे भेटू या. छान जेवण करू, तुमच्या पद्धतीनं निवडलेल्या पाककृतीचं. लोक खूश झाले तर मुख्य ॲडमिन तुम्ही. नाहीतर मग टॅग-बिग सगळं बंद करावं लागेल."

श्यामकांतांनी फोन ठेवला आणि नियमावलीची नऊही पानं पुन्हा वाचून काढली. हसू नका. नऊशे माणसांच्या गटाचा मुख्य ॲडमिन ही तुम्हाआम्हाला किरकोळ गोष्ट वाटेल, पण त्या माणसाकडे दुसरं काही उरलंच नव्हतं. हे गेलं की पुन्हा बाल्कनी, पुन्हा समोरचे पाइप. त्यांना त्याची खरोखर भीती वाटली.

संमेलन जूनमध्ये आलं आणि साहजिकच भाजी ठरली शेवळांची. शेवळं म्हणजे त्या दिवसांत दोन-तीन आठवडे बाजारात येणारे जांभळट कोंब. इथल्या घरांत त्यांच्यासाठी लोक जीव टाकतात. श्यामकांत मूळचे देशावरचे, त्यांनी शेवळं कधी तोंडात घातली नव्हती. माईही तिकडच्याच, त्या हा प्रकार बाजारात लांबूनच बघायच्या. पण तपासायला चव कशाला लागते? साचा पुरे होता.

अंबरनाथच्या उन्नती नावाच्या बँकेतल्या बाईंनी सासूच्या वहीतली पाककृती साच्यात बसवून पाठवली. सगळं काटेकोर होतं. शेवळं निवडून आतला पिवळा भाग काढणं, बारीक चिरणं, तेल इतकं, खोबरं तितकं. फक्त एका ओळीत होतं, 'काकडं – मूठभर, ठेचून रस.' श्यामकांतांनी तत्काळ पिवळा टॅग लावला आणि लिहिलं, 'मूठभर म्हणजे किती ग्रॅम? नियम चार पाहावा.'

उन्नतीबाईंनी सासूला विचारलं. सासू म्हणाली, "मूठभर म्हणजे मूठभर. माझ्या मुठीएवढी." उन्नतीबाईंना सलग तिसऱ्या महिन्याचं प्रमाणपत्र खुणावत होतं. त्यांनी थोडा विचार केला आणि ती ओळच काढून टाकली. सुधारित पाककृतीला संध्याकाळपर्यंत तेवीस हिरवे गोल पडले. ग्रुपच्या इतिहासात एवढे हिरवे कधीच पडले नव्हते.

त्याच संध्याकाळी एका अनोळखी नंबरावरून व्हॉइस मेसेज आला. श्यामकांतांनी तो न ऐकता उडवला. दुसऱ्या दिवशी त्याच नंबरावरून पुन्हा आला. हाही उडवला आणि खाली नियम सहाची आठवण दिली. तिसऱ्या दिवशी तिसऱ्यांदा आला, तेव्हा मात्र श्यामकांत संतापले. व्हॉइस तर व्हॉइस, वर पुनरावृत्ती! त्यांनी त्या नंबराला ग्रुपातूनच काढून टाकलं. उरलेल्या सदस्यांनी या कारवाईला सतरा हिरवे गोल लावले.

संमेलनाच्या आदल्या दिवशी श्यामकांत सामानाची यादी घेऊन कुळगावच्या बाजारात गेले. कडेला एक म्हातारी शेवळांच्या जुड्यांचा ढीग लावून बसली होती. प्रत्येक जुडीजवळ हिरव्या, आवळ्याएवढ्या फळांचा लहानसा वाटा होता.

"साठ माणसांची भाजी करायची आहे. माल ताजा आहे ना?"

"आज सकाळचा डोंगरावरचा हाय, साहेब." बाईनं जुड्या पिशवीत टाकल्या आणि ती हिरवी फळं ओंजळीनं वर टाकायला लागली.

"हे काय? हे यादीत नाही."

"अवो, काकडं हायती. ती नाय घातली त घसा धरतो."

"नको. यादीत नाही ते घ्यायचं नाही."

"बरं, पैसं नका देऊ. तशीच न्या."

इथे श्यामकांत ताठ झाले. चौतीस वर्षांत त्यांनी कुठल्याही पुरवठादाराकडून दिवाळीची डायरीसुद्धा घेतली नव्हती. "फुकट तर मुळीच नको," ते म्हणाले, "फुकट देणाऱ्याचा माल मी आधी संशयानं बघतो."

बाईनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, पिशवी उलटी केली आणि सगळ्या जुड्या परत ढिगावर ठेवल्या. "मंग शेवळं पन नाय देत. काकडं नाय त शेवळं नाय. जा."

पुरवठादारानंच गिऱ्हाइकाला नापास करण्याचा हा प्रसंग त्यांच्यावर पहिलाच होता. ते रागानं घरी आले आणि अनीशला फोन लावला. अनीश उल्हासनगरचा, कॅम्प तीनमध्ये त्याचा जीन्स शिवायचा कारखाना आणि ग्रुपातला तो त्यांचा खास भरवशाचा माणूस. जीन्सच्या शिलाईला लावतो त्याच नजरेनं तो बिर्याणीला लाल टॅग लावायचा.

"काका, टेन्शन मत लो," अनीश म्हणाला. "माल पण होईल, कॅटरर पण आपलाच आहे. एकदम फर्स्ट क्लास, साईं. उसको बस कागज दे दो, जो लिखा है वही बनाएगा. एक दाना इकडचा तिकडे नाही."

श्यामकांतांना हेच हवं होतं. कॅटररनं शेवळं त्यापूर्वी कधी पाहिलीही नव्हती, ही गोष्ट त्यांना गुणच वाटली. ज्याला काही माहीत नसतं तो मनाचं काही घालत नाही.

रविवारी दुपारी बदलापुरातल्या हॉलमध्ये साठ माणसं जमली. राजसी आली, उन्नतीबाई सोनेरी काठाची दोन्ही प्रमाणपत्रं लॅमिनेट करून घेऊन आल्या. माईंना एकादशी होती, त्या कोपऱ्यात शेंगदाण्याचा लाडू घेऊन बसल्या. भाजी दिसायला फार सुरेख झाली होती. फोटो निघाले. मंडळींनी ताव मारला, कारण शेवळं वर्षातून एकदाच मिळतात, आणि जाणत्यांनी चवीत काही कमी आहे हे ओळखेपर्यंत वाटी संपलेली होती. श्यामकांतांनी दोनदा घेतली. मग ते भाषणाचा कागद घेऊन माइकपुढे उभे राहिले.

"मित्रहो, दर्जा म्हणजे..." ते म्हणाले आणि खाकरले. "दर्जा ही..." पुन्हा खाकरले. घशात कुणीतरी काथ्या फिरवतंय असं त्यांना वाटलं. ते पाणी प्यायले. पाण्यानं ते वाढलं.

समोर बघतात तो पहिल्या रांगेतले तिघं गळ्याला हात लावून बसलेले. मागे कुणीतरी जीभ बाहेर काढून रुमालानं पुसत होतं. उन्नतीबाई लॅमिनेट केलेल्या प्रमाणपत्रानं वारा घेत होत्या. दोन मिनिटांत सगळा हॉल खाकरायला लागला. बोलता कुणालाच येईना. पण हात मोकळे होते आणि सवय पक्की झाली होती. नुकत्याच ग्रुपात टाकलेल्या भाजीच्या फोटोवर लाल गोल पडायला लागले. साठ फोनांची टिणटिण झाली. श्यामकांत माइकसमोर उभे राहून ते बघत होते. पाच लालला मेसेज उडवायचा असा नियम होता; एकोणसाठ लालला काय उडवायचं हे नियमावलीत नव्हतं.

राजसी डोळ्यांतलं पाणी पुसत फोनमध्ये काहीतरी शोधत होती. तिला आठवलं, ग्रुपातून काढलेल्या कुणा बाईनं तिच्या नंबरावर एक व्हॉइस मेसेज टाकलेला होता आणि आपण तो अजून ऐकलेला नाही. तिनं तो लावला आणि कुणाला काही कळायच्या आत फोन माइकला टेकवला.

"पोरी, मी वेनूबाई बोलतंय, कुळगावची. त्या भाजीच्या कागदात काकडं लिवलेली नायत गो. तीन डाव सांगितलं त मला घराबाहेर काढली. माझं जाऊ दे. पन मानसं खातील, त्यांचा घसा धरल. त्यांना सांग. नायतर चिंच घाला, कोकम घाला, आंबट कायपन घाला. पन तशीच नको खाऊ देऊ कुनाला."

आवाज हॉलभर घुमला. श्यामकांतांनी तो ओळखला. आदल्या दिवशी बाजारात त्यांच्या पिशवीतून जुड्या काढून घेणारा तोच आवाज होता.

सगळ्यांत आधी माई उठल्या. त्यांनी कॅटररच्या माणसाला हाताला धरून कोकम आणायला पिटाळलं आणि पातेलंभर सरबत करून साठ जणांना पाजलं. तासाभरात घसे ताळ्यावर आले. तोवर बरेच जण निघून गेले होते. राजसी श्यामकांतांजवळ येऊन हळूच म्हणाली, "काका, रागावू नका. ॲडमिनमधून तुम्हाला काढतेय. टॅग बंद. तुम्ही मेंबर राहा." श्यामकांतांनी मान हलवली. दोनदा भाजी घेतल्यानं त्यांचा घसा अजून मोकळा झाला नव्हता, आणि हे त्यांना त्या क्षणी फार बरं वाटलं.

पुढचे दोन दिवस त्यांनी एक अहवाल लिहिला. कारखान्यात काही बिघडलं की मूळ कारणाचा शोध घ्यायचा, ही त्यांची जुनी शिस्त, आणि खोटा अहवाल त्यांनी कधी लिहिला नव्हता. घसे का खाजले? काकडं नव्हती. का नव्हती? ओळ काढली गेली. का काढली? ग्रॅम माहीत नव्हते. ग्रॅमचा नियम का केला? इथे त्यांनी पेनाला टोपण घातलं आणि पुन्हा काढलं. मग त्यांनी लिहिलं, 'लोकांनी प्रत्येक वेळी मला विचारावं म्हणून.' लिहिलेलं वाचून त्यांना इतकी लाज वाटली की त्यांनी कागद उपडा घातला.

तरी तिसऱ्या दिवशी तो घेऊन ते कुळगावच्या बाजारात गेले. वेणूबाई तिथेच होती.

"चुकलो मी," श्यामकांत म्हणाले. "सगळं लिहून आणलंय. तुम्ही वाचा, आणि पटलं तर खाली सही करा."

"घसा बरा हाय का आता?" वेणूबाईनं विचारलं.

"आहे."

"मंग झालं. राजसीनं फोन केलेला. म्हनं, तूच ॲडमिन हो. मी सांगितलं, बाय, मला धंदा हाय." तिनं कागद हातात घेतला, उलटासुलटा पाहिला आणि परत दिला. "आन हे मला कशाला देताय? मला ठावं हाय. ज्याला ठावं नाय त्याला द्या."

श्यामकांतांनी कागदाची घडी करून खिशात घातली. मग ते घरी आले, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले आणि त्यांनी 'आमची पंगत' उघडलं. एक साधा सदस्य म्हणून त्यांनी पहिला मेसेज लिहायला घेतला. तीनदा लिहिला, तीनदा पुसला. अखेर पाठवला तेव्हा त्यात इतकंच होतं: 'शेवळं कशी करतात? मला माहीत नाही.'

मिनिटभर काहीच आलं नाही. मग एक उत्तर आलं. मग दोन. मग फोन हातात ठरेना. उन्नतीबाईंनी सासूला बोलतं करून पाठवलं होतं. उपम्याला लाल टॅग मिळालेल्या बाईंनी तर आपली पाककृती दोन भागांत दिली. महिनोन्‌महिने मुके झालेले लोक लिहीत होते, बोलत होते, एकमेकांना खोडत होते. कुणी कोलंबी घाल म्हणत होतं, कुणी शपथ घालून नको म्हणत होतं. दुपारपर्यंत एकेचाळीस उत्तरं झाली. एकाचंही प्रमाण दुसऱ्याशी जुळत नव्हतं. काकडं मात्र एकेचाळीसही जणांनी सांगितली होती.

श्यामकांतांनी सगळी वाचली. व्हॉइस मेसेज होते तेही शेवटपर्यंत ऐकले. मग ते उठले आणि पिशवी शोधायला लागले.

"आता कुठे?" माईंनी विचारलं.

"बाजारात. शेवळं आणतो. काकडं किती घ्यायची ते तिथे विचारीन."

माईंनी लाटणं बाजूला ठेवलं. अडतीस वर्षांच्या संसारात या माणसानं रस्ता चुकल्यावर पत्तासुद्धा कधी कुणाला विचारला नव्हता.

"विचाराल?" त्या म्हणाल्या.

"हो."

"थांबा," माई म्हणाल्या, "मीही येते." आणि त्यांनी गॅस बंद केला.